एका गाण्याची दोन नावं

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातल्या पुष्कळांच्या वहीत एक गाणं उतरवलेलं सापडतं. मीही ते वर्गातच शिकले. हिरागाना लिपी जेमतेम वाचता यायला लागली होती. बाईंनी फळ्यावर शीर्षक लिहिलं, ‘उए ओ मुइते आरुको’, आणि एकेक शब्द सोडवून दाखवला. उए म्हणजे वर, मुइते म्हणजे तोंड करून, आरुको म्हणजे चालूया. वर बघत चालूया. मग त्यांनी टेप लावली. तरुण, हसरा वाटणारा आवाज, पाय आपोआप हलावेत असा ठेका आणि शेवटी बिनधास्त शीळ. ‘छान आनंदी गाणं आहे,’ असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. बाईंनी टेप थांबवली आणि विचारलं, ‘तो वर का बघतोय, कळलं का?’ कुणालाच कळलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून तो वर बघतोय. रात्रीची वेळ आहे आणि तो एकटा आहे.

त्या दिवशी आमची जी फसगत झाली तीच जगाची झाली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. १९६१ साली जपानमध्ये निघालेली ही तबकडी १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिकडे तिचं नाव होतं ‘सुकियाकी’. सुकियाकी हा मांसाचे पातळ काप, भाज्या आणि टोफू घालून जेवणाच्या टेबलावरच शिजवण्याचा जपानी पदार्थ. गाण्यात त्याचा उल्लेख नाही, जेवणाचाच नाही. पाश्चात्त्यांना उच्चारता येईल आणि ऐकताच जपान आठवेल असा एक शब्द व्यापाऱ्यांना हवा होता, तो त्यांनी चिकटवला. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात त्यावर टोमणा आला होता, की ‘मून रिव्हर’ हे गाणं जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ नावाने विकावं तसा हा प्रकार आहे.

हे पुस्तक या एका गाण्याबद्दल आहे. ते का रचलं गेलं, तबकडीवर कसं आलं, कुणी कसं ऐकलं आणि प्रत्येक ऐकण्यात त्याचं काय झालं, एवढाच त्याचा विषय. तीन मिनिटांच्या गाण्यावर अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी वाचकाला आधी या सगळ्या प्रांतातून एकदा फिरवून आणायला हवं.

सुरुवात गाण्याच्या घरापासून. १९६० चा उन्हाळा टोकियोत रस्त्यावर गेला. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराचं नूतनीकरण होऊ नये म्हणून विद्यार्थी, कामगार, लेखक, सामान्य माणसं यांचे प्रचंड मोर्चे निघत होते. जपानीत या करारालाच आणि त्याविरुद्धच्या चळवळीलाही ‘आन्पो’ म्हणतात. १५ जून १९६० रोजी संसदेच्या आवारातल्या चकमकीत मिचिको कान्बा ही विद्यार्थिनी मारली गेली. चार दिवसांनी करार मंजूर झाला. पंतप्रधान नोबुसुके किशी यांना पायउतार व्हावं लागलं, आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला, पण करार राहिला. मोर्चेकऱ्यांमध्ये रोकुसुके एइ हा तरुण लेखकही होता. हरून घरी परतणाऱ्या माणसाची ती चाल त्याच्या मनात राहिली आणि त्यातून पुढे हे गाणं आलं, असं मानलं जातं. गाण्यात करार नाही, मोर्चा नाही, पोलीस नाहीत. उरलाय तो फक्त रडू आवरत चालणारा एक माणूस. म्हणून ते प्रेमभंगाचं म्हणूनही ऐकता येतं, परगावी एकट्या पडलेल्या पोराचं म्हणूनही.

चाल हाचिदाइ नाकामुरा यांची. ते जॅझ पियानोवादक. गाण्याची मुख्य सुरावट बरीचशी पाच स्वरांत फिरते. जपानीत या स्वरमालिकेला ‘योनानुकी’ म्हणतात, म्हणजे ‘चौथा आणि सातवा काढलेला’. मध्यम आणि निषाद गाळले की काय उरतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. भूपाच्या आरोहावर वाढलेल्या कानाला ही चाल पहिल्या फेरीतच ओळखीची का वाटते, त्याचं कारण इथे आहे. मधल्या कडव्यात मात्र कॉर्ड पाश्चात्त्य वळणाने जातात आणि क्षणभर सावली पडल्यासारखं होतं. घरचे सूर आणि बाहेरची साथ यांची ही गाठ मुद्दाम घातलेली आहे.

गायक क्यू साकामोतो. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर दोनतीन दिवसांनी, १० डिसेंबर १९४१ ला कावासाकीत जन्मलेलं नववं अपत्य. ‘क्यू’ म्हणजे नऊच. एल्व्हिस प्रेस्लीच्या नादाने तो रॉकअबिलीत शिरला होता. त्याने शब्द असे तोडून, उचक्या दिल्यासारखे गायले की आपल्या ओळींची ही दशा ऐकून एइ वैतागले होते, असं सांगतात. आज त्या उचक्यांशिवाय गाण्याची कल्पना करता येत नाही. रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. तिघांच्या नावांतले आकडे जुळवून जपानी लोक त्यांना ‘सहा-आठ-नऊ’ हे त्रिकूट म्हणू लागले. एनएचकेच्या ‘युमे दे आइमाशो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून गाणं घराघरांत गेलं आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली.

रेकॉर्ड निघाली हे दोन शब्द लिहायला सोपे, पण त्यांच्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्या शेलॅकच्या बनत ते शेलॅक म्हणजे आपली लाख. छोटानागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून खरवडलेली लाख जगभरच्या गाण्यांचं अंग झाली होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. गाण्याची लांबी कवीने किंवा गायकाने ठरवली नाही, त्या ताटलीने ठरवली. मुखडा लवकर यावा, कडवी दोन किंवा तीन असावीत, शेवट लटकत राहू नये, हे सगळं तिथून आलं. आपल्या भावगीताचा घाटही याच ताटलीवर घडला. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायली आणि मैफलीबाहेरचं, नाटकाबाहेरचं एक सुटं गाणं मराठी घरात आलं. ‘सिंगल’ हा शब्द तेव्हा कुणी वापरला नसेल, पण वस्तू तीच होती.

१९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने सात इंची, ४५ फेऱ्यांची विनाइलची तबकडी आणली. हलकी, स्वस्त, न फुटणारी, पोराटोरांच्या खिशाला परवडणारी. मधल्या मोठ्या भोकामुळे जपानमध्ये तिला डोनट तबकडी म्हणत. तबकडीबरोबर याद्या आल्या. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने १९४० पासून खपाच्या याद्या छापायला सुरुवात केली होती, ४ ऑगस्ट १९५८ ला त्यांची ‘हॉट १००’ सुरू झाली. ब्रिटनमधली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ची. त्यानंतर काही आठवड्यांतच रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटवणारे मंत्री बाळकृष्ण केसकर पुण्याचे. त्यांनी इकडचं दार लावलं आणि श्रोते सिलोनकडे गेले. यादी म्हणजे निव्वळ मोजदाद नव्हे. लोकांना काय आवडतं हे सांगता सांगता काय आवडावं हेही ती सुचवू लागते.

या असल्या गाण्यांचा विचार करणाऱ्यांची मुख्यतः चार घराणी झाली. पहिलं संशयवाद्यांचं. जर्मनीतून परागंदा झालेल्या थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मध्ये लोकप्रिय संगीतावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की ही गाणी साच्यातून निघालेला माल आहेत. वरची नक्षी वेगळी, आतला सांगाडा एकच, आणि असा माल ऐकून ऐकून श्रोत्याचं ऐकणंही साच्यात पडतं. जॅझबद्दल अडोर्नो अन्यायाने बोलले. तरीही जपानी गाण्याला खाद्यपदार्थाचं नाव देणारी कंपनी पाहिली की त्यांची आठवण होतेच.

दुसरं घराणं श्रोत्याच्या बाजूने उभं राहिलं. १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते वाढवलं. हॉल यांनी १९७३ मध्ये मुळात दूरचित्रवाणीच्या संदर्भात मांडलेला मुद्दा गाण्यालाही लागू पडला: पाठवणारा जो अर्थ भरून पाठवतो तोच घेणाऱ्याने घ्यावा असा काही नियम नाही. घेणारा तो मानतो, वाकवतो किंवा उलटवतो. सायमन फ्रिथ यांनी रॉक संगीताचं समाजशास्त्र लिहिलं ते याच हवेत.

तिसऱ्या घराण्याने तक्रार केली की या सगळ्या चर्चेत गाणं ऐकतंय कोण? फिलिप टॅग यांच्यासारख्या संगीतशास्त्रज्ञांनी सूर, ताल, आवाजाचा पोत यांपासून अर्थापर्यंत जाण्याची पद्धत बांधली. मराठीत या वाटेवर डॉ. अशोक दा. रानडे यांचं काम मोठं आहे. त्यांनी ‘जनसंगीत’ हा स्वतंत्र प्रवर्ग मानला, म्हणजे ते लोकसंगीताचं बिघडलेलं किंवा शास्त्रोक्त संगीताचं पातळ झालेलं रूप नव्हे, त्याचे नियम वेगळे. त्या भूमिकेशिवाय या पुस्तकाला उभं राहायला जमीन मिळाली नसती.

चौथं घराणं यंत्र आणि बाजार यांच्याकडे पाहतं. पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारतावर आहे. पण स्वस्त कॅसेटमुळे मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेरचे आवाज कसे ऐकू येऊ लागले हा त्यातला मुद्दा, प्रल्हाद शिंदेंचा आवाज आणि भीमगीतं ज्याने चौकातल्या कर्ण्यावर ऐकली आहेत त्याला लगेच पटेल. जपानी पॉपपुरतं बोलायचं तर मायकल बोर्डाश यांच्या २०१२ च्या पुस्तकाने युद्धोत्तर गाण्यांतल्या अमेरिकेच्या सावलीचा शोध घेतला आणि साकामोतोला गंमत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून वाचलं.

आता अमेरिकेकडे वळू. इथेच एक लाडकं वाक्य आडवं येतं: ‘संगीताला भाषा नसते.’ या गाण्याच्या प्रत्येक कौतुकात ते येतं आणि मला ते आळशी वाटतं. गाणं समुद्र ओलांडून आपोआप गेलं नाही. लुई बेंजामिन हे ब्रिटनच्या पाय कंपनीचे प्रमुख जपानला गेले असताना त्यांनी ते ऐकलं. नाव त्यांनीच बदललं, आणि केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाची बिनशब्दांची आवृत्ती १९६३ च्या सुरुवातीला तिकडे चालली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावच्या एका रेडिओ निवेदकाने मूळ जपानी तबकडी वाजवली आणि श्रोत्यांचे फोन सुरू झाले. मग कॅपिटॉल कंपनीने ती बाजारात आणली. १५ जून १९६३ च्या यादीत ती पहिली आली आणि तीन आठवडे राहिली. मिचिको कान्बाच्या मृत्यूला त्या तारखेला बरोबर तीन वर्षं होत होती. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण ज्या देशाशी झालेल्या कराराविरुद्ध हरल्याचं दुःख या गाण्याच्या पोटात होतं तोच देश त्यावर बोटं वाजवत होता, हे विसरून पुढे जाता येत नाही.

भाषा नसती तर पुढचं गाणंही गेलं असतं. साकामोतोची नंतरची ‘चायना नाइट्स’ अठ्ठावन्नाव्या क्रमांकाच्या वर चढली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस ‘डोमिनिक’ हे फ्रेंच गाणं पहिलं आलं, फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स आले आणि परभाषेसाठी किलकिली झालेली फट मिटली. ही फट कुणी उघडली, किती वेळ, आणि आत येताना गाण्याला दारात काय काय काढून ठेवावं लागलं, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात. दारात ठेवलेली पहिली वस्तू म्हणजे नाव.

तरी सगळी नोंद तोट्याच्या खात्यावर टाकणंही खरं नाही. युद्धकाळात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत कोंडलं होतं. त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याच देशाच्या रेडिओवर, भाषांतर न करता, जपानी शब्द तासातासाला वाजत होते. त्या घरांत ते कसे ऐकले गेले असतील, हा विचार करण्याजोगा भाग आहे. पुढे १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या कृष्णवर्णीय गायिकांच्या जोडीने इंग्रजी शब्द घालून ते गायलं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. तोवर ते शुद्ध प्रेमभंगाचं झालं होतं. त्या इंग्रजी आवृत्तीचा तुकडा १९८५ च्या ‘ला दी दा दी’ या हिप-हॉप गाण्यात शिरला आणि हक्कांच्या भानगडीत नंतरच्या प्रतींतून कापला गेला. एका जपानी मोर्चेकऱ्याची उदासी न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये पोचली, तेव्हा तिच्या अंगावर मूळचा एकही शब्द नव्हता. चाल मात्र तीच होती.

मायदेशात गाण्याचं दुसरं आयुष्य एका अपघाताने सुरू झालं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान गुन्मा प्रांतातल्या डोंगरात कोसळलं. ५२० माणसं गेली, चार वाचली. गेलेल्यांत ४३ वर्षांचा क्यू साकामोतो होता. त्या दिवसापासून ते गाणं त्याच्याबद्दलचं झालं. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर सनटोरी कंपनीच्या जाहिरातीत अनेक कलाकार ते ओळीओळीने गाताना दिसले, आणि मग ते सगळ्या देशाबद्दलचं झालं. एइ यांनी गाण्यातून मोर्चा गाळला नसता तर पुढच्या इतक्या दुःखांना त्यात जागा मिळाली नसती, असं मला वाटतं.

आज हे का वाचायचं? आज गाण्याचं दार पास्कोच्या निवेदकासारखा एखादा माणूस उघडत नाही, बरेचदा एक गणित उघडतं. मारिया ताकेउचीचं १९८४ चं ‘प्लास्टिक लव्ह’ २०१७ च्या सुमारास यूट्यूबच्या शिफारशींवरून जगभर पसरलं. ऐकणाऱ्या कित्येकांना जपानी येत नव्हतं. २०२० मध्ये कोरियाच्या बीटीएसने आधी इंग्रजी गाण्याने आणि मग मुख्यतः कोरियन गाण्याने ‘हॉट १००’ची पहिली जागा घेतली. आपल्याकडे तर रीळमध्ये वीस सेकंदांचा तुकडा आधी पोचतो, गाणं नंतर, आणि कधी पोचतच नाही. तबकडीने तीन मिनिटांची मर्यादा घातली होती. ही नवी मर्यादा गाण्याचा घाट कसा बदलते आहे हे डोळ्यांसमोर घडतंय. ते नीट पाहायचं तर ज्याचा प्रवास पूर्ण झालेला आहे असं एखादं जुनं गाणं हाताशी असावं.

या पुस्तकाचा प्रयत्न तेवढाच आहे. वरच्या चारही घराण्यांकडून ते हत्यारं उसनी घेतं, गंडा कुणाचाच बांधत नाही. ते साकामोतोचं चरित्र नाही आणि जपानी पॉपचा इतिहासही नाही. पार्श्वभूमी आधी सांगून टाकायची आणि मग स्वागताकडे वळायचं, हा नेहमीचा क्रम इथे मोडला आहे. श्रोत्यांनी जे ऐकलं तेही पुढच्या श्रोत्यासाठी पार्श्वभूमीच होतं. १९८१ ची अमेरिका ‘सुकियाकी’ ऐकत होती, तिला आन्पोपर्यंत जाण्याची वाटच उरली नव्हती. म्हणून इथे प्रत्येक ऐकणं आपल्या जागी, आपल्या तारखेला ठेवून पाहिलं आहे. संगीत न शिकलेल्या वाचकाला अडेल असं काही येऊ नये अशी काळजी घेतली आहे, आणि ज्याला भूप माहीत आहे त्याला चार गोष्टी जास्त मिळतील.

एका निर्णयाबद्दल सांगून थांबते. इंग्रजीत या शीर्षकाचं भाषांतर करताना ‘मी’ घ्यायचा की ‘आपण’, असा पेच पडतो. जपानीत तो पडत नाही. ‘आरुको’ हे एकट्याने स्वतःला बजावणंही असतं आणि बरोबरच्याला घातलेली साद पण. मराठीतही पडत नाही. अंधारात एकटं असताना माणूस स्वतःशीच ‘चला, निघूया’ म्हणतो. म्हणून या पुस्तकात गाण्याचा उल्लेख सगळीकडे ‘वर बघत चालूया’ असाच केला आहे. ‘सुकियाकी’ हे नाव फक्त जिथे ते ज्यांच्या तोंडी होतं त्यांचं बोलणं चालू आहे तिथे येईल.